केसभर जाड बूच

गळतीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते पोलीस बँडातल्या वादकांनी त्यांना दिलं आणि इतकं चिकटलं, की खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. क्लॅरिनेट घेऊन कुणी दुकानाची पायरी चढलं, की गळतीकर बस म्हणायचे नाहीत, कसं काय विचारायचे नाहीत, नुसता हात पुढे करायचे. वाद्याचे दोन अर्धे वेगळे करायचे. एका हाताच्या बोटांनी भोकं बंद, दुसऱ्या तळहाताने बूड बंद, आणि वरच्या तोंडाला ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायची. मग नळा तसाच ओठाला चिकटवून मनात आकडे मोजायचे. आठापर्यंत हवा टिकली तर नळा निरोगी. तीनावरच फुस्स झाली तर कुठली तरी गादी नीट बसत नाही, म्हणजे भोकावरचं झाकण पुरतं मिटत नाही आणि हवा गळते. कुठली गादी, तेही ते लगेच सांगायचे. यावरून ते नाव पडलं.

दुकान म्हणजे लाँड्रीच्या मागची एक लांबट खोली. भिंतीपलीकडे इस्त्रीची वाफ, त्यामुळे एक भिंत बारा महिने कोमट असायची, आणि मांजरं तिला पाठ लावून झोपायची. खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, लाखेच्या कांड्या, सुयांएवढ्या स्प्रिंगा, आणि मापाप्रमाणे लावून ठेवलेल्या गाद्यांच्या बाटल्या. बुचाचे पातळ तक्ते एका जाड पुस्तकात दाबून ठेवलेले. वाद्याच्या चावीखाली धातूवर धातू आपटू नये म्हणून बुचाचा तुकडा लावतात, तो ते डोळ्याच्या अंदाजाने कापायचे. मापपट्टी होती, पण ती पाठ खाजवायला.

गळतीकरांच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. "मला कळत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं, तर लाँड्रीवाल्याने दुकान बंद ठेवलं असतं. दुरुस्त झालेलं वाद्य ते स्वतः वाजवून बघायचे, आणि ते वाजलं की निकाल लागला. मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरो. "वाद्य ठीक आहे. बोटांचं बघा," असं म्हणून ते पुढच्याकडे वळायचे. मिशावाले, पदकंवाले बँडवाले खाली मान घालून पायरी उतरायचे. दहातल्या नऊ वेळा गळतीकरांचंच खरं निघायचं, आणि माणूस बिघडतो तो अशाच हिशेबाने.

त्यांची बोटं मात्र खरोखर बघण्यासारखी होती. दुरुस्तीच्या धंद्यात पडण्याआधी सतरा वर्षं त्यांनी तारेच्या कारखान्यात काढली होती. इमारतीतल्या बायका घट्ट बसलेल्या बरण्या त्यांच्याकडे पाठवायच्या, आणि ते बोलता बोलता झाकण उघडून परत द्यायचे. त्या बोटांखाली न मिटणारी गादी या जगात नव्हती.

आता सांगायचं ते असं, की या माणसाच्या हातून एक चूक झाली. ती त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या वाद्यावर झाली, आणि ती झाली हे त्यांना कळायला चौदा वर्षं लागली. कळल्यावर ते मुलीला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्या प्रश्नाने म्हाताऱ्याची झोप उडवली.

मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून वाजवायची. तिचे शिक्षक फार बोलणाऱ्यांपैकी नव्हते, पण ते एकदा म्हणाले होते, "हिची बोटं भोकांवर पडत नाहीत, टेकतात." गळतीकरांना हे कौतुक कळलं नाही. त्यांच्या मते बोट म्हणजे बोटासारखं पडायला हवं. तरी मुलगी वाजवायला लागली की लाँड्रीतल्या इस्त्र्या थांबायच्या, हे त्यांनाही दिसत होतं, आणि ते दिसलं की ते उगीचच मांजरांना ओरडायचे.

शहराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची एक जागा निघाली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. अकरा वर्षांनी निघालेली जागा. ती मिळाली तर जन्माचं झालं, नाही मिळाली तर पुढची कधी ते कुणी सांगावं. परीक्षेच्या आठवड्यात गळतीकरांनी तिचं वाद्य दुकानात नेलं आणि बापाच्या मायेने त्याची चावी न् चावी उतरवली. गाद्या बदलल्या, स्प्रिंगांना तेल दिलं, आणि जोडपट्टीचं बूच नवं घातलं.

ही जोडपट्टी काय, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. क्लॅरिनेटचे दोन अर्धे एकमेकांत बसवले, की वरच्या अर्ध्यातली एक पट्टी खालच्या अर्ध्यातल्या पट्टीवर येते. मध्ये बुचाचा तुकडा असतो. खाली बोट टेकलं की खालची गादी मिटते, आणि त्याच दाबाने पट्टीमार्फत वरचीही मिटते. एका दांडीला दोन दारं बांधावीत तसं. बूच बरोबर असेल तर दोन्ही दारं एकदम लागतात. बूच केसभर जाड झालं, तर वरचं दार आधी लागतं आणि खालचं किलकिलं राहतं. गंमत अशी, की अर्धे वेगळे करून तपासले तर दोन्ही ठणठणीत. दोष दिसतो तो जोडल्यावरच. आणि जोडल्यावरही, बोट लोखंडाचं असेल तर पट्टी जराशी वाकते, दार जबरदस्तीने लागतं, आणि दोष दिसत नाही.

बुचाचा नवा तक्ता गळतीकरांनी त्याच महिन्यात आणला होता. तो आधीच्यापेक्षा केसभर जाड होता.

परीक्षेच्या दोन दिवस आधी मुलगी दुकानात आली. "बाबा, खालचे सूर उशिरा बोलतायत. मध्येच चिरकतायत."

"नव्या गाद्या आहेत. बसायला वेळ लागतो."

"जोडपट्टी एकदा बघता का? मला वाटतं खालची गादी पूर्ण मिटत नाहीये."

गळतीकरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आता तू मला जोडपट्टी शिकवणार?"

त्यांनी दोन्ही अर्धे वेगळे केले. वरच्याने आठ आकडे धरले, खालच्याने नऊ. मग वाद्य जोडून त्यांनी खालचा सूर लावला, आणि तो असा घुमला की कोमट भिंतीवरचं मांजर उठून गेलं. "झालं समाधान?" ते म्हणाले. मुलीने वाद्य घेतलं. दुसऱ्या कुठल्या कारागिराकडे जाण्याचा विचार तिच्या मनात आला असेलही, पण गळतीकरांच्या मुलीने वाद्य घेऊन दुसऱ्याची पायरी चढायची म्हणजे बापाचं नाक कापायचं. ती गेली नाही.

परीक्षा पडद्याआड होती. वाजवणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून मधे पडदा, पलीकडे तीन माणसं. तिने निवडलेली रचना नेमकी खालच्या लांब सुराने सुरू व्हायची. तो सूर आधी आलाच नाही, आणि आला तो चिरकून. तिने बोटं दाबली. दाबली तशी ती ताठरली, ताठरली तशी पुढच्या ओळीत मागे पडली. दुसरं पान उलटायच्या आत पडद्यापलीकडून "धन्यवाद" ऐकू आलं.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "खालची गादी बसत नव्हती."

त्या वेळी गळतीकरांनी जे केलं, ते त्यांची बायको आजही विसरलेली नाही. मुलीने अजून चपला काढल्या नव्हत्या. त्यांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं, आणि तिच्या देखत तीच रचना सुरुवातीपासून वाजवली. सूर न् सूर स्वच्छ. मग वाद्य खाली ठेवून म्हणाले, "वाद्य ठीक आहे. तू घाबरलीस. बोटं कच्ची आहेत तुझी, मी कधीचा सांगतोय."

मुलीने थोडा वेळ बापाच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. नंतर सहा महिने ती रबरी चेंडू मुठीत धरून दाबत बसायची, बोटं पक्की व्हावीत म्हणून. सहाव्या महिन्यात मनगट सुजलं आणि शिक्षकांनी सांगितलं, की तुझ्या बोटांत जे होतं तेही आता गेलं. पेटी कपाटावर गेली. मुलगी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर लागली. लग्न झालं, चार रस्ते सोडून संसार मांडला. दर रविवारी आईबापांचं सामान आणि औषधं घेऊन यायची. तक्रार कधी नाही. उलट कुठे काही बिनसलं, दूध उतू गेलं, बस चुकली, नवरा रागावला, की तिचं वाक्य ठरलेलं, "माझंच काहीतरी चुकलं असेल." लोक म्हणायचे, किती समजूतदार मुलगी. तिच्या आईला ते ऐकवायचं नाही.

सत्तरी ओलांडली तशी गळतीकरांच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी बटणं लागेनात. बरण्यांनी इमारतीतल्या दुसऱ्या घराची वाट धरली. आणि त्याच सुमाराला एक चमत्कार झाला. शहरातली सगळी क्लॅरिनेटं एकदम गळायला लागली. दुरुस्त केलेलं वाद्य ते जोडून वाजवायला घ्यायचे आणि ते चिरकायचं. त्यांनी गाद्या बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. "आजकाल गाद्या करत नाहीत, पापुद्रे करतात," असं म्हणत दोन खोकी परत पाठवली. लाकडाला दोष दिला, लाँड्रीच्या वाफेला दोष दिला, एक आठवडा हवेलाही दिला. ज्या एका गोष्टीला द्यायला हवा होता ती त्यांच्या मनगटापुढे लटकत होती, पण तिच्याकडे त्यांचं लक्ष जाईना.

शेवटी एका सकाळी, पोलीस बँडाचं एक वाद्य तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा, त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. सिगारेटच्या कागदाची चिंचोळी पट्टी कापली. बाकीचे कारागीर याच पट्टीने गादी तपासतात. पट्टी गादीखाली सरकवायची, चावी हलकेच मिटायची आणि पट्टी ओढायची. अडली तर गादी बसली, सुळकन निसटली तर फट आहे. "बोटं असताना कागद कशाला?" असं म्हणून गळतीकरांनी आयुष्यभर त्याची टर उडवली होती. आता बोटं नव्हती.

पट्टी खालच्या गादीखालून सुळकन निसटली. वरच्या गादीखाली घट्ट अडली.

गळतीकरांनी वाद्य खिडकीपाशी नेलं आणि जोडपट्टीतल्या बुचाकडे पाहिलं. बूच त्यांचंच होतं, त्यांच्याच सुरीने कापलेलं. त्यांनी जाड पुस्तक उघडून तक्ता काढला, आणि पाठ खाजवायची मापपट्टी पहिल्यांदा मापायला घेतली. मग या जाडीचा तक्ता आपण कधीपासून आणायला लागलो ते आठवायला बसले. ते आठवायला फार वेळ लागला नाही. भर दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. लाँड्रीवाल्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर ते तसेच पुढे चालू लागले.

घरी येऊन त्यांनी स्टूल लावून कपाटावरची पेटी उतरवली. धूळसुद्धा पुसली नाही. वाद्य जोडलं, तोंडाशी बसणारी वेताची रीड ओली केली, सुजलेली बोटं भोकांवर नुसती टेकवली, आणि फुंकर घातली. सूर उशिरा आला आणि चिरकला.

बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती दारातच थांबली. "हाच," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी खोलीत वाजवत होती ना, तेव्हा हाच आवाज येत होता. मी ऐकला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे?" बायकोने पदराला हात पुसले. "तिने सांगितलं होतं, तिचं तरी कुठे ऐकलंत?"

गळतीकरांनी कागदाची पट्टी गादीखाली सरकवून तिला दाखवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पट्टी निसटली ते दिसलं. मग त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा काढला. बुचावरून दोन हात फिरवले असते, दोनच, की वाद्य बरं झालं असतं आणि चौदा वर्षांपूर्वीचा पुरावा फुंकरीने उडून गेला असता. जगात कुणाला कळलं नसतं. तुकडा त्यांनी बुचापर्यंत नेला आणि मागे घेतला.

"घासा," बायको म्हणाली. "घासा आणि ठेवून द्या वर."

"तिला सांगायला नको?"

"काय सांगणार? आणि सांगून तिने काय करायचं? जागा आता निघणार आहे का? तुमच्या जिवाला लागलंय, कळतंय मला. पण ते तिच्या गळ्यात बांधू नका."

गळतीकरांना हे पटलं नाही. त्यांना वाटलं, ही बाई आपल्याला वाचवायला बघते आहे. जन्मभर दुसऱ्याचे दोष तोंडावर सांगितले, आता स्वतःचा सांगायची वेळ आली तर शेपूट घालायची का? त्यांना त्यात थोडा मोठेपणाही दिसू लागला होता. माझी चूक झाली, असं आपण म्हणतो आहोत, मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आहे, आपण तिच्या डोक्यावर हात ठेवला आहे, असं चित्र ते मनात रंगवायचे. तरी पहिला रविवार त्यांनी मूग गिळून काढला. दुसऱ्या रविवारी मुलगी औषधांच्या गोळ्या डबीत भरत होती, तेव्हा शब्द ओठांवर आले आणि ते गुडघेदुखीबद्दल बोलले.

तिसऱ्या रविवारी त्यांनी वाद्य जोडून टेबलावरच ठेवलं. मुलगी आली, पिशव्या खाली ठेवल्या, वाद्य पाहिलं आणि जागच्या जागी थबकली.

"बस," गळतीकर म्हणाले. "हे धर. चावी हलकेच मिट. आता पट्टी ओढ."

तिने ओढली. पट्टी निसटली. तिने दुसऱ्यांदा ओढली, मग वरच्या गादीखाली घालून पाहिली, तिथे अडली. मग डोळे बारीक करून जोडपट्टीकडे पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हे बूच कधीचं?" मुलीने विचारलं.

"तेव्हाचंच. नंतर कुणी हात लावला नाही." गळतीकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझी चूक झाली. तू सांगितलं होतंस ते बरोबर होतं. तुझी बोटं ठीक होती."

मुलगी रडली नाही. पट्टी तिने नखाने दुमडून लहान केली.

"चेंडू दाबत होते ते सहा महिनेही मला आतून वाटायचं, की वाद्यातच दोष होता," ती म्हणाली. "मग मी तुमचं मानलं. मानायला खूप त्रास झाला बाबा. पण एकदा मानलं आणि शांत झाले. मी तेवढी चांगली नव्हतीच, म्हणून नाही मिळालं. त्यात वाईट काय, सगळे कुठे तेवढे चांगले असतात? असं रोज सांगायचे स्वतःला. आता सांगावंही लागत नव्हतं."

"अगं पण तू चांगली होतीस."

"हो. ते आत्ता कळलं."

टेबलावरचा पॉलिश पेपर तिने उचलला. वाद्य सोडवलं, बुचावरून दोन हात फिरवले, फुंकर मारली, पुन्हा जोडलं, पट्टी उलगडून दोन्ही गाद्यांखाली घालून पाहिली. दोन्हीकडे सारखी अडली. सगळं मिळून चार मिनिटंही लागली नसतील. मग तिने वाद्य तोंडाला लावलं आणि बोटं टेकवली. खालचा सूर टेकल्याबरोबर आला, भरलेला आणि मऊ. चौदा वर्षांत त्या घरात तसा आवाज झाला नव्हता. तिने तो वर न्यायला घेतला, आणि चौथ्या सुरावर तिचे ओठ सुटले. पुन्हा लावला, पुन्हा सुटले. ओठांची ताकद रोजच्या वाजवण्यावर टिकते, आणि ते कधीच थांबलं होतं. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही.

वाद्य तिने पुसलं, आतून बाहेरून, शिकवल्याप्रमाणे. पेटीत एकेक भाग ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवला. "विकून टाका," ती म्हणाली. "आता काही खोट नाहीये त्यात."

मग तिने पिशव्यांतलं सामान आत नेऊन लावलं, गोळ्यांची डबी भरली, आईला सांगितलं की रक्तदाबाची गोळी बदलली आहे, सकाळची आता रात्री घ्यायची. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि ती फिरवू देत होती. गळतीकर खुर्चीतच होते. मनात रंगवलेल्या चित्रातली एक रेघही खरी झाली नव्हती. निदान ती ओरडेल, काहीतरी फेकेल, अशी ते वाट बघत होते. तेही झालं नाही.

दारात चपला घालताना ती वळली. आवाजात राग नव्हता. तक्रारीच्या खिडकीवर ती माणसांना नळाचा नंबर विचारते, तशाच सुरात तिने विचारलं, "बाबा, सांगून टाकल्यावर तुम्हाला बरं वाटलं का?"

गळतीकरांनी खाली पाहिलं. खोटं बोलायचं होतं, पण तोंड उघडेना. कारण पट्टी तिच्या हातात दिली त्या क्षणापासून, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, त्यांना खरोखरच बरं वाटत होतं.